टिंडेलाचा लांबट चेंडू

रत्नागिरीच्या बंदराजवळच्या वाडीत जैनुद्दीन होडेकर या माणसाला दोन नावं होती. तोंडावर सगळे त्याला टिंडेल म्हणत, कारण आगबोटीवर सारंगाच्या हाताखाली खलाशांचा मुकादम म्हणून त्याने बावीस वर्षं काढली होती. पाठीमागे त्याला ‘लांबट चेंडू’ म्हणत. दुसऱ्या नावाची कथा जरा मोठी आहे.

१९४९ साली जैनुद्दीन नोकरी सोडून कायमचा घरी आला. पेटीत बायकोसाठी चिनीमातीची किटली होती, स्वतःसाठी एक लोकरी बनियन होतं आणि बनियनात गुंडाळलेला एक चामडी चेंडू होता. हाजराने किटली बघून घेतली, फडताळात ठेवली आणि मग चेंडू हातात घेऊन उलटसुलट केला.

“हा पेटीत चेपला वाटतं.”

“चेपला नाय. असाच असतो.”

“असा कुठे चेंडू असतो? दुकानदाराने फसवलंन तुम्हाला.”

“अगो, दुकानातून नाय आणला. विलायतेत याचा खेळ असतो. रग्बी म्हणतात.”

हाजराने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस उभा सहा फूट, खांदे दरवाजाएवढे, आणि खोटं बोलताना कानाच्या पाळ्या लाल होत. पाळ्या लाल नव्हत्या. तरी तिने चेंडू फडताळात किटलीशेजारी न ठेवता खाटेखाली सरकवला.

बंदर नाक्यावरच्या मजीदच्या हॉटेलात मात्र पाळ्या बघायला कुणाला सवड नव्हती. मजीद जैनुद्दीनचा शाळेपासूनचा सोबती. आयुष्यात तो चिपळूणच्या पलीकडे गेला नव्हता, आणि चिपळूणच्या पलीकडल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता.

“म्हणजे बघा मंडळी,” मजीद चहा गाळता गाळता म्हणाला, “आमच्या टिंडेलाच्या चेंडूला दोन टोकं आहेत. टप्पा टाकला की तो कुठे जाईल ते अल्लाला ठाऊक. असा खेळ साहेब लोक खेळतात! जैनू, मेल्या, थाप मारायची तर गोल तरी मार.”

हॉटेल हसलं. जैनुद्दीनने चहा तसाच ठेवला आणि उठून घरी आला. त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. हा खेळ जगात खरोखर आहे, आणि तो आपण खरा सांगतो आहोत, हे वाडीला दाखवायचं.

आता यात एक अडचण होती, आणि ती फक्त जैनुद्दीनलाच ठाऊक होती. त्याची आगबोट दुरुस्तीसाठी कार्डिफच्या गोदीत महिनाभर पडून होती. गोदीच्या भिंतीला लागूनच रग्बीचं मैदान होतं. दर शनिवारी तिथे सामना व्हायचा, आणि जैनुद्दीन भिंतीवर चढून तो बघायचा. असे त्याने चार सामने पाहिले. पण त्याची पाळी सुटेपर्यंत सामना अर्धा उरकलेला असायचा, आणि शेवट व्हायच्या आत बोटीवर जेवणाची घंटा व्हायची. त्यामुळे हा खेळ सुरू कसा होतो आणि संपतो कसा, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. चौथ्या शनिवारी चेंडू भिंतीवरून उडून त्याच्याच छाताडावर आदळला. तो परत द्यायला जैनुद्दीन फाटकापर्यंत गेला, तेव्हा फाटकाला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बोट सुटली. चेंडू असा रत्नागिरीला आला.

एवढ्या शिदोरीवर त्याने १९५१ च्या पावसाळ्यात बंदर रग्बी क्लब काढला.

पावसाळा का, तर तेव्हा वाडीतली माणसं रिकामी असतात. ज्येष्ठात होड्या वर ओढून त्यांच्यावर माडाच्या झावळ्या शाकारल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. पहिले आठ दिवस जाळी विणण्यात जातात, पुढचे आठ पत्त्यांत, आणि मग माणसं एकमेकांच्या कुरापती काढू लागतात. आनंदा म्हणून पंचविशीतला एक होडीवाला होता, अंगाने कातळासारखा. पत्त्यांवरून त्याचं सख्ख्या भावाशी भांडण झालं, त्याच दिवशी जैनुद्दीनने त्याला गाठलं.

“आनंदा, भांडायचंच आहे तर नियमाने भांड. चल.”

मैदानही पावसाळ्यातच मोकळं असे. वाडी आणि किनारा यांच्यामध्ये एक सपाट, चोपलेला तुकडा होता. एरवी तिथे बायका मासळी सुकवत. कुणाची पट्टी कुठून कुठपर्यंत हे कुठल्याही कागदावर नव्हतं. मध्ये मध्ये दगड पुरलेले होते, आणि सासूने सुनेला दाखवलेला दगड हाच दस्तऐवज. सगळ्यात मोठी पट्टी गोदूबाईची. साठीची बाई, हाडकुळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की होडी किनाऱ्याला लागायच्या आत आतली मासळी किती ते ती बसल्या जागेवरून विचारून घेई.

जैनुद्दीनने त्याच दगडांच्या रेषा धरून मैदान आखलं आणि दोन्ही टोकांना खांब पुरले. एका फुटक्या गलबताच्या डोलकाठीचे त्याने चार तुकडे केले, प्रत्येक टोकाला दोन उभे केले आणि दोघांच्या मध्ये पुरुषभर उंचीवर एक आडवा बांबू बांधला. त्या बांबूच्या वरून चेंडू लाथाडायचा, एवढं त्याला भिंतीवरून स्पष्ट दिसलं होतं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि खांब काढायला जैनुद्दीन पहार घेऊन आला, तो बांबूवर वाकट्या लटकत होत्या. हातभर लांब, चंदेरी, पट्ट्यासारखी मासळी ओळीने वाळत होती.

“गोदूबाय, हे खांब माझे.”

“असतील,” गोदूबाई म्हणाली. “पण मांजरं पोचत नाहीत, नि वारा चारी अंगांनी लागतो. राहू देत. पावसात तुझे, उन्हात माझे.”

असा करार झाला, आणि तो दोघांनी सहा वर्षं पाळला.

खेळ सुरू कसा करायचा हे ठाऊक नसल्यामुळे जैनुद्दीनने तो रेट्याने सुरू केला. दोन्हीकडची माणसं कमरेत वाकून खांद्याला खांदा भिडवतात आणि मध्ये चेंडू टाकून एकमेकांना रेटतात, हे त्याने पाहिलं होतं. वाडीला ते शिकवावं लागलं नाही. होडी वर ओढताना आणि पाण्यात लोटताना जन्मभर हेच केलेलं. आनंदा “हैऽसा” म्हणायचा आणि बाकीचे “होऽ” म्हणून रेटायचे. खेळ संपतो कधी हेही ठाऊक नव्हतं, म्हणून भरतीचं पाणी किनाऱ्यावरच्या काळ्या धोंड्याला लागलं की खेळ संपला, असं ठरलं. एका बाजूला माणसं किती? आली असतील तितकी.

एकाच नियमावर मात्र जैनुद्दीन अडून बसे. चेंडू हाताने द्यायचा तो मागच्यालाच. पुढे टाकायचा नाही.

“हे उलटंच झालं, चाचा,” आनंदा म्हणाला. “पुढच्याला टाकला तर लवकर पोचेल.”

“पोचेल. पण मग तो रग्बी नाय.”

“का नाय?”

का ते जैनुद्दीनला कुठे ठाऊक होतं! एका शनिवारी कार्डिफच्या एका गोऱ्याने चेंडू पुढे टाकला आणि मैदानाभोवतीची हजारभर माणसं एकदम ओरडली, एवढं त्याने ऐकलं होतं. इतकी माणसं एकदम ओरडतात त्या अर्थी ते पापच असणार, असं त्याने तेव्हा ठरवून टाकलं.

“तिकडे तसाच कायदा आहे,” तो म्हणाला.

“चाचा, तुम्ही स्वतः खेळलात ना तिकडे?”

पाऊस धो धो पडत होता. पंधरा चिखलाने माखलेली तोंडं त्याच्याकडे बघत होती.

“हो,” जैनुद्दीन म्हणाला. मुंडाशाखाली त्याचे कान लाल झाले, पण ते कुणाला दिसले नाहीत. ते एवढंसं ‘हो’ मग माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात सहा वर्षं राहिलं.

या नियमाला सगळ्यांहून जपलं ते गोदूबाईने. पावसात ती मैदानाच्या कडेला आपल्या खोपीत बसून जाळं विणायची. खेळाशी आपल्याला काही कर्तव्य नाही असं तोंडाने म्हणायची, आणि कुणी चेंडू बोटभर जरी पुढे टाकला तरी खोपीतून आवाज यायचा, “पुढे टाकलंन! रघू, मेल्या, बघितलं मी!” रघूने चेंडू निमूट परत आणायचा. तिच्यापुढे अपील नव्हतं.

तिसऱ्या पावसाळ्यात चेंडूचा आतला फुगा फुटला. तसा फुगा रत्नागिरीत कुठे मिळणार? तेव्हा आनंदानेच तोड काढली. असोला नारळ, म्हणजे सोडणासकट अख्खा नारळ, आकाराने थेट तसाच. नारळावर शिडाचं कापड शिवलं आणि खेळ चालू राहिला. पायाने लाथाडणं तेवढं कमी झालं. मजीदला यावर वर्षभर पुरेल इतका दारूगोळा मिळाला. “आता मात्र टिंडेलाचा खेळ खरा वाटतो. विलायतेत माड असतीलच!”

*

१९५७ च्या कार्तिकात खाडीच्या तोंडाशी एक पांढरं जहाज येऊन थांबलं. ते सरकारचं, समुद्राची खोली मोजून नकाशे करणारं जहाज होतं. त्यावरचे एक साहेब दुर्बीण लावून किनारा न्याहाळत होते, आणि काय आश्चर्य, त्यांना माडांच्या रांगेपुढे रग्बीचे खांब दिसले. दोन टोकांना दोन जोड्या. साहेबांनी दुर्बीण पुसली आणि पुन्हा पाहिलं. खांब होतेच, पण आडव्या बांबूवर काहीतरी चंदेरी लखलखत होतं.

शुक्रवारी दुपारी साहेब छोट्या होडीतून किनाऱ्याला उतरले. साहेब वसईचे, किरिस्ताव, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. विलायतेत नौकानयन शिकताना ते तीन वर्षं रग्बी खेळले होते.

“हे खांब कुणाचे?” त्यांनी विचारलं.

“माझे,” गोदूबाई म्हणाली. ती वाकट्या उलटत होती.

“पावसात माझे,” मागून जैनुद्दीन म्हणाला. जुम्म्याची नमाज उरकून तो घाईने आला होता. “साहेब, रग्बी.”

“रग्बी?” साहेब म्हणाले. “इथे?”

पाच मिनिटांत सगळं ठरलं. जहाजावर खेळणारी माणसं होती, खरा चेंडू होता. जहाज रविवारी सकाळी सुटणार होतं. तेव्हा शनिवारी दुपारी सामना.

बातमी नाक्यावर पोचायला त्याहून कमी वेळ लागला. आठ वर्षांत पहिल्यांदाच मजीदची चहाची गाळणी हातात तशीच राहिली. पण तो मजीद होता.

“खेळ आहे म्हणजे. बरं, आहे तर आहे,” तो म्हणाला. “पण तू शिकवलास तो हाच कशावरून? उद्या कळेलच. ते खेळतील त्यांचा, तुम्ही खेळाल तुमचा, आणि आम्ही बघू.”

जैनुद्दीनने ग्लास खाली ठेवला. नेमकी हीच भीती त्यालाही होती.

त्याआधी मैदानाचा प्रश्न होता. कार्तिकातलं ऊन म्हणजे मासळीवाल्यांचं सोनं. मैदानभर सुकट पसरलेली होती, बारीक कोळंबीचा गुलाबी गालिचा. संध्याकाळी जैनुद्दीन गोदूबाईच्या पट्टीच्या दगडापाशी उकिडवा बसला.

“गोदूबाय, उद्या दुपारपुरतं मैदान हवं.”

“उन्हात कुणाचं?”

“तुझं.”

“मग?”

जैनुद्दीनने बोटाने वाळूत रेघा मारल्या. “गोदूबाय, आठ वर्षं लोक मला थापाड्या म्हणतात. उद्या एकदा खरंखोटं होऊन जाऊ दे.”

गोदूबाईने सुकटीतला एक खेकडा उचलून बाजूला फेकला.

“खेळणारांनीच सुकट गोळा करायची, आणि खेळ झाल्यावर खेळणारांनीच पुन्हा पसरायची. त्या जहाजवाल्यांनीसुद्धा. एक दाणा वाया जाता कामा नये.”

“बरं.”

“वरच्या वाकट्या उतरायच्या नाहीत. अर्ध्या वाळल्यात, हाताळल्या तर मोडतील.”

“बरं.”

“नि मी माझ्या जागेवरून उठणार नाही. काय पळायचं ते माझ्या भोवतून पळा.”

“गोदूबाय, तुझी जागा मैदानाच्या आत येते गो!”

“मग मैदान माझ्या जागेच्या बाहेर ने,” गोदूबाई म्हणाली.

*

शनिवारी तीन वाजता जहाजाची तेरा माणसं पांढऱ्या कपड्यांत उतरली आणि पहिला अर्धा तास सुकट भरत राहिली. गोदूबाई हातात खराटा घेऊन मागे उभी होती. “तो कोपरा राहिला, दादा. हां, वाकून भर. कंबर लचकत नाय तेवढ्याने.” साहेबांनी स्वतः दोन पाट्या उचलल्या. सामना सुरू व्हायच्या आतच त्यांचे कपडे पांढरे राहिले नव्हते आणि वासाने ते पक्के बंदरावरचे झाले होते.

अख्खी वाडी जमली होती. हाजरा दोन बायकांच्या मागे पदर तोंडाशी धरून उभी होती. मजीद हॉटेलाला कडी घालून आला होता, आणि नेमका जैनुद्दीनच्या शेजारी बसला होता. साहेबांनी जहाजावरचा चेंडू काढला. लांबट, दोन टोकांचा, पिवळट चामड्याचा. लोकांत कुजबुज झाली. हाजराने मान पुढे करून तो नीट पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“त्यांचाही चेपला असेल पेटीत,” मजीद म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

साहेब शिटी घेऊन मधोमध उभे राहिले. ते म्हणाले की मध्यावरून चेंडू लाथाडून सामना सुरू करू. आनंदाने जैनुद्दीनकडे पाहिलं. जैनुद्दीनने आकाशाकडे पाहिलं.

“आम्ही रेट्याने सुरू करतो,” आनंदा म्हणाला.

“असं कुठे असतं?” साहेब हसले. “बरं, तुमचं मैदान, तुमची रीत.”

मजीदने जैनुद्दीनच्या बरगडीत कोपर मारलं. “पहिलंच चुकलं रे!”

रेटा लागला. जहाजवाले धडधाकट होते, व्यायाम केलेले होते, पण आयुष्यात त्यांनी होडी लोटलेली नव्हती. आनंदा ओरडला, “हैऽसा!” तेरा खांद्यांमधून “होऽ” आलं आणि जहाजाचा संघ मागे सरकू लागला. साहेबांनी चेंडू मध्ये टाकला. तो पायांखालून घरंगळून केव्हाच मागे राहिला, पण वाकलेल्या माणसांना चेंडू कुठला दिसतो? होडीला एकदा हात लावला की ती तरंगेपर्यंत हात काढायचा नाही, हे त्यांना रक्तातून ठाऊक. “हैऽसा! होऽ!” पट्टीचे दगड मागे पडले. साहेब शिटी फुंकत बाजूने धावत होते. वाळू लागली, उतार लागला आणि रेट्याला आणखीच जोर आला. जहाजाची तेरा माणसं गुडघाभर पाण्यात गेली तेव्हाच आनंदाने समाधानाने पाठ सरळ केली.

“चेंडू कुठे आहे?” साहेब धापा टाकत म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रिकाम्या मैदानात गोदूबाई आपल्या जागी बसली होती, आणि चेंडू तिच्या मांडीशी होता.

“हा इथे आहे,” ती ओरडली. “कुणी येता, की मीच नेऊ पलीकडे?”

हसून हसून बायकांची पोटं दुखायला लागली. मजीद तर वाळूत आडवाच झाला. “रग्बी! अरे, ही तर होडी लोटणी! जैनू, सहा वर्षं तू यांना होडी लोटायला शिकवलंस! ती तर त्यांना येतच होती!”

जैनुद्दीन हसला नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, आणि त्याला आपलं ते ‘हो’ घशात जाणवत होतं.

पुढे खेळ रंगला. जहाजवाले चपळ होते. त्यांनी दोनदा चेंडू खांबांच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवला; तसा टेकवला की गुण. एकदा त्यांच्यातल्या एका उंच माणसाने लाथाडलेला चेंडू बांबूला लागला आणि तीन वाकट्या खाली पडल्या. गोदूबाईने खेळ थांबवून त्याच्याकडूनच त्या परत लटकवून घेतल्या. “शेपटीकडून धर, बाबा. तोंडाकडून नाय.” आनंदाने एकदा आणि रघूने एकदा गडी अंगावर घेऊन चेंडू टेकवला. आता दोन्हीकडचे गुण सारखेच झाले होते, आणि भरतीचं पाणी काळ्या धोंड्यापासून दोन हातांवर होतं.

तेवढ्यात जहाजाच्या भट्टीवरचा एक पोरसवदा आगवाला चेंडू घेऊन कडेने सुटला. समोर आनंदा आडवा आला. आगवाल्याने चेंडू सरळ पुढे, आनंदाच्या खांद्यावरून, आपल्या जोडीदाराकडे फेकला. जोडीदार धावला आणि त्याने रेषेपार जाऊन चेंडू टेकवला. साहेब त्या वेळी दुसऱ्या बाजूला होते, माणसांची गर्दी मध्ये होती. त्यांनी शिटी वाजवून हात वर केला.

“नाय!”

गोदूबाई उभी राहिली होती. काल तिने आपण जागेवरून उठणार नाही असं बजावलं होतं, आणि आता ती उठून, पदर खोचून, साहेबांच्या समोर येऊन ठाकली होती.

“पुढे टाकलंन! मी बघितलं. ह्याच्या खांद्यावरून, असा!”

“बाई, मला तसं दिसलं नाही.”

“समुद्राचा तळ दिसतो तुम्हाला, नि एवढा चेंडू दिसत नाय? त्या पोराला विचारा. पोरा, इकडे बघ. खरं सांग. पुढे टाकलास की नाय?”

आगवाला केरळातला होता, त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण गोदूबाईचं बोट आणि डोळे कळायला भाषा लागत नव्हती. त्याने मान खाली घातली आणि साहेबांना इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

साहेबांनी हात खाली घेतला. “बाईंचं बरोबर आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “चेंडू पुढे टाकला. रग्बीत ते चालत नाही. कुठेच चालत नाही. आमचं टेकणं रद्द.”

जैनुद्दीन उठून उभा राहिला. शेजारी मजीदचं तोंड उघडं होतं.

“कुठेच म्हणजे?” मजीदने विचारलं. “विलायतेतसुद्धा?”

“विलायतेत तर आधी,” साहेब म्हणाले. “हाच तर या खेळाचा मूळ कायदा. बाई, हा तुम्हाला कुणी शिकवला?”

गोदूबाईने खराट्याने जैनुद्दीनकडे दाखवलं.

“टिंडेल,” साहेब कौतुकाने म्हणाले, “तुम्ही कुठल्या क्लबाकडून खेळलात?”

जैनुद्दीनला ‘हो’ म्हणणं आता किती सोपं होतं! वाडी बघत होती, आनंदा बघत होता, हाजरा बायकांच्या मागून पुढे आली होती. त्याने मुंडासं काढलं. कान लाल झाले होते, आणि या वेळी ते सगळ्यांना दिसले.

“साहेब, मी खेळलो नाय कधी. कार्डिफला गोदीच्या भिंतीवर बसून चार सामने पाहिले. तेसुद्धा अर्धे. सुरू कसा होतो ते नाय पाहिलं, संपतो कसा तेही नाय. आनंदा, मी तुला त्या दिवशी खोटं सांगितलं रे. आणि चेंडूही माझा नव्हता. भिंतीवरून पडला होता. परत द्यायला गेलो, तर फाटक बंद.”

आनंदा वाळूने माखलेला हात डोक्याला पुसत उभा राहिला. गोदूबाईच पहिली बोलली.

“मग काय झालं? मी तरी कधी खेळले? सात पावसाळे बाजूला बसूनच बघितलं ना?”

“आणि आत्ता बसून बघणारीनेच सामना वाचवलान,” आनंदा म्हणाला. “चाचा, पाणी धोंड्याला लागायला आलं. खेळू देता की आणखी काय काय कबूल करायचंय?”

त्या सामन्याचा निकाल विचाराल तर बंदरावर आजही एकमत नाही. जहाजवाल्यांनी अगदी शेवटी पुन्हा एकदा चेंडू टेकवला, हे खरं. पण त्याआधीच एक लाट धोंड्याला शिवून गेली होती असं आनंदाचं म्हणणं, आणि ती लाट नव्हती, नुसता फेस होता, असं साहेबांचं. साहेब सामना जिंकल्याचं वहीत लिहून गेले. वाडीने सामना बरोबरीत सुटला असं धरलं.

उन्हं उतरेपर्यंत सव्वीस माणसं ओळीने वाकून सुकट पसरत होती. ती संपल्यावर साहेब जैनुद्दीनपाशी आले आणि जहाजावरचा चेंडू त्याच्या हातात ठेवला.

“साहेब, हा कशाला?”

“आमच्या भिंतीवरून पडला असं समजा,” साहेब म्हणाले. “फाटक उद्या सकाळी बंद होतंय.”

त्या रात्री हाजराने चेंडू ओल्या फडक्याने पुसला आणि फडताळात किटलीशेजारी ठेवला. किटली जरा आत सरकवावी लागली.

पुढच्या वैशाखात चिपळूणचा एक व्यापारी सुक्या मासळीच्या खरेदीला आला असता मजीदच्या हॉटेलात टेकला. खांबांकडे बोट दाखवून त्याने ते कसले म्हणून विचारलं. मजीद गल्ल्यावरून उठून त्याच्या बाकावर येऊन बसला.

“रग्बीचे,” तो म्हणाला. “विलायती खेळ आहे. मी पहिल्यापासून सांगत होतो या लोकांना, खरा खेळ आहे म्हणून. पण ऐकतंय कोण? हा आमचा टिंडेल बघा, शाळेपासूनचा सोबती माझा. कार्डिफला मोठमोठ्या गोऱ्यांबरोबर खेळलाय!”

कोपऱ्यात जैनुद्दीन चहा पीत होता. त्याने ग्लास खाली ठेवला.

“भिंतीवरून पाहिलंय,” तो म्हणाला. “चार सामने. अर्धे.”

“अरे मेल्या,” मजीद वैतागून म्हणाला, “माणूस तुझी बाजू घेतोय, तर जरा गप्प बस की!”